जुन्या सिनेमांची पोस्टरं: संग्राहक ते कला सल्लागार

सुरुवातीच्या वर्षांत मी मुंबईतल्या एका दुकानातून १९५०च्या दशकातल्या सिनेमाचं पोस्टर घेतलं. घड्या होत्या, कडा पिवळ्या पडल्या होत्या, वास जुन्या कागदाचा होता. पगाराचा मोठा हिस्सा त्यात गेला. आठवड्याभरानं सकाळच्या उजेडात बसून तळाची बारीक ओळ वाचली, तर छापखान्याच्या पत्त्यात ‘बॉम्बे ४०० ००४’ असं होतं. सहा आकडी पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी पत्त्यात ‘बॉम्बे ४’ एवढंच असायचं. म्हणजे सिनेमा पन्नासच्या दशकातला, पण पोस्टर तो पुन्हा लागला तेव्हाचं, निदान बारा-पंधरा वर्षं उशिराचं. कागद खरा होता, सांगितलेलं वय खोटं होतं, आणि मी पैसे वयाचे मोजले होते.

या कामात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच आधी सांगते, की चित्र सगळ्यांनाच दिसतं, कागद वाचायला शिका. संग्राहक म्हणून तुमचं नुकसान त्यानं टळतं. पुढे सल्लागार झालात, तर गिऱ्हाईक तुम्हाला पैसे मोजतं तेही याच वाचनासाठी.

तीन कामं, तीन बाजू

संग्राहक स्वतःसाठी घेतो. व्यापारी विकण्यासाठी घेतो. कला सल्लागार दुसऱ्याच्या पैशानं, दुसऱ्याच्या वतीनं, दुसऱ्याच्या फायद्याचं बघून घेतो आणि त्याची फी त्या दुसऱ्याकडूनच घेतो. पोस्टरांच्या जगात ही तिन्ही कामं बरेचदा एकच माणूस करतो. घोळ तिथेच होतो, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. तूर्त एवढं ध्यानात ठेवा, की चांगला सल्लागार व्हायचं तर आधी काही वर्षं संग्राहक असावं लागतं. स्वतःचे पैसे गेल्याशिवाय नजर तयार होत नाही. आणि या काळात हातातली नोकरी सोडू नका. घरभाडं पोस्टरांवर अवलंबून असेल तर घाईनं विकावं लागतं आणि घाईनं घ्यावंही लागतं.

पहिलं वर्ष नुसतं बघायचं

पहिल्या वर्षी खिशात हात घालू नका. मुंबईत पेडर रोडला राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे, ते जानेवारी २०१९मध्ये उघडलं. तिथे दोन-तीनदा जा, दर वेळी एकाच दालनात वेळ काढा. पुण्यात १९६४मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी घडवलेल्या या संस्थेत फिल्मांच्या जोडीनं पोस्टरं, बुकलेटं आणि स्थिरचित्रं जपलेली आहेत. अभ्यासाचा विषय नेमका लिहून रीतसर अर्ज करा. ‘जुनी पोस्टरं बघायची आहेत’ असा अर्ज करू नका. ‘प्रभातच्या तीसच्या दशकातल्या पोस्टरांवरची अक्षरलेखनाची शैली’ असं काही लिहा. नेमकं विचारणाऱ्याला नेमकं दाखवता येतं.

पुण्याचं हे संग्रहालय आणि तिथलीच फिल्म इन्स्टिट्यूट मिळून चालवत आलेला चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम जमल्यास करा. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या जतन कार्यशाळांकडेही लक्ष ठेवा. याशिवाय सॅफरनआर्ट, ओशियन्स यांच्यासारख्या लिलावगृहांचे जुने कॅटलॉग मिळतील तेवढे चाळा. कॅटलॉगमधला अंदाज आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांतला फरक वहीत मांडत गेलात, की वर्षभरात बाजाराची नाडी कळायला लागते. विक्रीच्या आकड्यात खरेदीदारानं भरलेलं जादा शुल्क धरलंय की नाही, तेही बघा.

थोडा इतिहास अंगात मुरला पाहिजे, कारण त्यातून चित्रकाराचा हात ओळखता येतो. आपल्याकडचं सिनेमाचं पोस्टर शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईच्या, वाड्यातच जन्मलं. खुद्द दादासाहेब फाळके सिनेमाआधी राजा रविवर्म्यांच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यासाठी काम करत होते. कोल्हापुरात बाबुराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं रंगवत. त्यांच्या १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी मानलं जातं. एस. एम. पंडित यांनी हॉलिवूडच्या एम.जी.एम.च्या सिनेमांची शो कार्डं, म्हणजे थेटरात लावायचे पुठ्ठे, रंगवली आणि तो झळाळता रंग नंतर हिंदी पोस्टरांत उतरला. ‘मुघल-ए-आझम’साठी ब्रश चालवणारे जी. कांबळे कोल्हापूरचेच. सरकारी कचेऱ्यांत लागलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ज्यांचं, तेच हे. सत्तरच्या दशकातली दिवाकर करकरे यांची पोस्टरं बघा. ‘दीवार’मधला चेहरा चाकूनं थापलेल्या रंगाचा आहे, जवळून नुसते फराटे दिसतात आणि चार पावलं मागं गेलं की संताप दिसतो. असे पाच-सहा हात डोळ्यांत बसले, की सही नसलेलं पोस्टरही बोलायला लागतं.

कागद वाचायचा क्रम

माझा क्रम ठरलेला आहे आणि मी तो मोडत नाही. पोस्टर समोर आलं की मी ते आधी पालथं घालते.

पाठीकडून कागदाचं खरं वय दिसतं. वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा होत नाही. जिथे हवा आणि उजेड पोचतो त्या कडा आणि बाहेरच्या घड्या गडद होतात, आतला भाग फिका राहतो. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद मात्र सगळीकडे एकसारखा तपकिरी असतो.

मग घड्या. पूर्वी पोस्टरं घड्या घालूनच टपालानं किंवा रेल्वेनं थेटरांत जायची. त्यामुळे पन्नासच्या दशकातलं पोस्टर एकही घडी नसलेलं मिळालं, तर ते अशक्य नाही, पण मी लगेच सावध होते. घडीवरून डोळे मिटून बोट फिरवा. खऱ्या घडीत कागद तुटलेला लागतो, शाई तडकून आतले पांढरे तंतू वर आलेले असतात. जुन्या पोस्टरचा फोटो काढून छापलेल्या नकलेत घडीची रेघसुद्धा छापूनच येते. डोळ्याला घडी दिसते, बोटाला कागद सपाट लागतो. ही एक परीक्षा रस्त्यावरच्या बाजारात सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण तिला काहीच साधन लागत नाही.

त्यानंतर भिंग. सराफ वापरतात तसलं दहा पटीचं भिंग झवेरी बाजारात सहज मिळतं. ते चेहऱ्यावर धरायचा मोह होतो, पण आधी अक्षरांवर धरा. शिळाछापात किंवा जस्ताच्या पत्र्यावरच्या लिथोत कारागीर चित्र हातानं, तेलकट खडूनं पुन्हा काढायचा. म्हणून रंग दाणेदार दिसतो, दगडावर खडू ओढल्यासारखा. ऑफसेट, म्हणजे चित्राचा फोटो घेऊन यंत्रावर होणारी छपाई, आल्यावर चित्रात ठिपक्यांच्या फुलांसारख्या नक्ष्या दिसू लागल्या. त्यामुळे ठिपके दिसले म्हणजे नक्कल, असं समजू नका, सत्तर-ऐंशीची अस्सल पोस्टरं ठिपक्यांचीच आहेत. खरी खूण अक्षरांत आहे. अस्सल ऑफसेट पोस्टरवर नटांची आणि निर्मात्याची नावं भरीव शाईत छापलेली असतात, कड स्वच्छ असते. पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं, की ती बारीक अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांत फुटतात आणि त्यांची कड दातेरी होते. घरगुती इंकजेटवर काढलं असेल, तर नक्षीही नसते, नुसते फवाऱ्याचे कण दिसतात. मी एकदा काळ्या अक्षराच्या कडेला निळा, लाल, पिवळा असे तिन्ही कण शेजारी शेजारी पाहिले आणि पोस्टर तिथेच घडी करून परत दिलं.

चौथं, तळाची ओळ. १८६७च्या छापखान्यांविषयीच्या कायद्यानं छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि गाव घालणं बंधनकारक केलं होतं. त्या जुन्या कायद्याचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. छापखान्याच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर पोस्टर १९७२च्या आधीचं नाही. इंग्रजी पत्त्यात ‘मुंबई’ असेल तर ते बहुधा १९९५च्या नंतरचं. पोस्टरवर किंवा बुकलेटवर सेन्सॉर बोर्डाचं ‘यूए’ प्रमाणपत्र दिसलं, तर ते १९८३च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तो वर्गच तेव्हा सुरू झाला. ओळ कात्रीनं कापलेली दिसली, तर का कापली असेल याचा विचार करा. आणि त्या पोस्टरला अस्सल पहिल्या खेपेची, म्हणजे सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हाच्या छपाईची, किंमत देऊ नका.

शेवटी अतिनील टॉर्च. अंधार करून प्रकाश टाका. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमक आणणारी रसायनं साधारण १९५०नंतर कागदात सर्रास आली. चाळीसच्या दशकातलं म्हणून समोर ठेवलेलं पोस्टर निळसर चमकायला लागलं, तर नम्रपणे हात जोडा आणि निघा. दुरुस्तीचे डाग, नंतर भरलेले रंग आणि चिकटपट्टीचा जुना गोंदही या प्रकाशात उघडे पडतात.

आकारही मोजा. आपल्याकडचं नेहमीचं पूर्ण पोस्टर ३० × ४० इंचांचं, उभं, धंद्यातल्या भाषेत ‘थर्टी-फॉर्टी’. अर्धं २० × ३०. ‘सिक्स शीट’ म्हणजे भिंतीवर जोडून लावायचं अजस्र पोस्टर, तुकड्यांत छापलेलं. त्याचे सगळे तुकडे एकत्र मिळणं दुर्मीळ. सगळ्या कडा मोजून इंच-दोन इंच कमी भरल्या, तर कडा छाटल्या आहेत असं समजा.

काय जमवायचं

‘आवडेल ते’ हे उत्तर मनाला बरं वाटतं, पण त्यातून संग्रह उभा राहत नाही, ढीग होतो. एक धागा निवडा. एखादा चित्रकार, एखादा छापखाना, एखादं दशक, एखादी संस्था. पन्नास पोस्टरं एका धाग्यात असली, की त्यांची मिळून जी गोष्ट तयार होते ती पाचशे सुट्या पोस्टरांतून होत नाही. संग्रहालयं आणि अभ्यासक पुढे तुमच्याकडे येतात ते त्या गोष्टीसाठी.

मराठी माणसाला माझा आग्रहाचा सल्ला: मराठी पोस्टरांपासून सुरुवात करा. सगळा बाजार काही थोड्या गाजलेल्या हिंदी सिनेमांमागे धावतो आणि नकलाही त्यांच्याच जास्त निघतात. मराठी सिनेमांचा मुलूखच लहान, त्यामुळे ही पोस्टरं कमी छापली गेली, भिंतींवर चिकटली, पावसात गेली आणि कुणी जपली नाहीत. तमाशापटांची, पौराणिकांची, दादा कोंडके यांच्या सिनेमांची पोस्टरं अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. त्यावरचं अक्षरलेखन तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वळणदार देवनागरी हातानं लिहिणाऱ्या त्या माणसांची नावं आपण नोंदवलीच नाहीत, याची मला खरोखर खंत आहे.

पोस्टरच घ्यायला हवं असंही नाही. गाण्यांची बुकलेटं स्वस्त मिळतात आणि त्यांतून तारखा, तंत्रज्ञांची नावं, वितरक कळतात. शो कार्डं म्हणजे थेटरच्या दालनात लावलेले पुठ्ठे. फोटो कापून चिकटवलेले, भोवती ब्रशनं रंग आणि नाव. प्रत्येक कार्ड एकमेव असतं, तरी लोक अजून त्याकडे छापील पोस्टरपेक्षा कमी लक्ष देतात.

माल कुठून येतो

चोरबाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे जायलाच हवं, पण तिथे माल शेवटच्या हातात आलेला असतो. त्याच्या आधीचे हात शोधा. मुंबईत वितरकांच्या कचेऱ्या लॅमिंग्टन रोडला नाझ सिनेमाच्या आसपास होत्या. विदर्भाचा मुलूख सी. पी. बेरार म्हणून ओळखला जायचा आणि त्याचा धंदा अमरावतीतून चाले. खानदेशात भुसावळ हे वितरणाचं ठाणं होतं. तिथल्या जुन्या गोदामांत, बंद पडलेल्या थेटरांच्या प्रोजेक्टर-खोल्यांत आणि तंबूत सिनेमा दाखवणाऱ्यांच्या घरांत अजून ट्रंका निघतात.

अशीच एक ट्रंक मी विदर्भातल्या एका गावात उघडली. टॉकीज चालवणारे गृहस्थ गेले होते, त्यांच्या पत्नी एकट्या राहत होत्या. झाकण उचललं तर वर डांबराच्या गोळ्यांचा थर, खाली घड्या घातलेली पोस्टरं, प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी आणि त्यात खोचलेली चिठ्ठी: सिनेमा, किती आठवडे चालला, फिल्मची पेटी कुठून आली.

‘काकू, हे असं किती वर्षं आहे?’

‘ह्यायनं टॉकीजला कुलूप लावलं तवापासून.’

त्यांनी रद्दीपेक्षा थोडा बरा भाव सांगितला. त्यांतल्या चार पोस्टरांची बाजारातली किंमत मला माहीत होती. मी ती सांगितली.

‘काहून वाढवून सांगतं वं भाव? घेणारी तर तूच आहे ना?’

मला परवडतील तेवढी मी योग्य भावात घेतली, उरलेल्यांसाठी दोन संग्राहकांशी त्यांची गाठ घालून दिली. चिठ्ठ्या सुतळीसकट जशाच्या तशा ठेवल्या. माझ्या दृष्टीनं त्या चिठ्ठ्या पोस्टरांइतक्याच मोलाच्या आहेत, कारण माल कुठून आला याचा तोच पुरावा. पुढे त्याच काकूंनी ओळखीच्या तीन घरांत माझं नाव सांगितलं. गावात शब्द असाच फिरतो, आणि विधवा बाईला फसवलं हा शब्द त्याहून वेगानं फिरतो.

एखाद्या कागदावर ग्रंथालयाचा किंवा संग्रहालयाचा शिक्का दिसला, किंवा शिक्का खरवडल्याची जागा दिसली, तर तो कितीही दुर्मीळ असो, घेऊ नका. संबंधित संस्थेला कळवा.

पावसाळ्यातून पार करणं

आपल्या हवेत पोस्टरांचा शत्रू दमटपणा. जून ते सप्टेंबर माझं निम्मं लक्ष कपाटाकडे असतं. पोस्टर शक्यतो सपाट ठेवा, आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, रुंद उथळ खणांत. साध्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर राहिली पाहिजे, खाली-वर होणं जास्त वाईट. छोटा आर्द्रतामापक खणात ठेवा आणि आकडा रोज लिहा. वाळवी आणि कसर यांसाठी दर महिन्याला प्रत्येक खण रिकामा करून बघण्याला पर्याय नाही.

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन, या दोन गोष्टींनी मी पाहिलेली सर्वांत जास्त पोस्टरं मेली आहेत. चिकटपट्टीचा गोंद वर्षांनी कागदात उतरून तपकिरी होतो. लॅमिनेशन परत निघत नाही. फाटलेलं पोस्टर संवर्धकाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही केंद्रं आहेत, तिथे आधी विचारा. चांगला संवर्धक गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी कागद वापरतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला ते उलगडायचं असेल तर पाण्यानं सुटतं. कामाआधी आणि नंतर फोटो घ्या.

चौकट करताना काच कागदाला टेकू देऊ नका. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या, उन्हाची भिंत टाळा, आणि एकच पोस्टर वर्षानुवर्षं टांगून ठेवण्यापेक्षा आलटून पालटून लावा.

वही

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. सिनेमा, वर्ष, पहिली खेप की पुनःप्रदर्शन, आकार, छापखाना, चित्रकार, कुणाकडून कधी कितीला घेतलं, पावती, फोटो पुढून आणि पाठीकडून. आणि स्थितीची नोंद. ‘स्थिती चांगली’ असं लिहू नका, ते काहीच सांगत नाही. असं लिहा: ‘उजव्या खालच्या कोपऱ्यात ४ सेंटिमीटर फाट, मागून कागदी पट्टी. मधल्या आडव्या घडीवर रंग गेलेला, नायिकेच्या हनुवटीपर्यंत. वरच्या कडेला चार टाचणीची छिद्रं, गंजाचे डाग. कडा न छाटलेल्या.’ अशा शंभर नोंदी लिहिल्यात की तुम्ही सल्लागार व्हायला तयार आहात. हीच नोंद पुढे विम्याला, विक्रीला आणि वादाला लागते.

पहिलं गिऱ्हाईक

ते बहुधा आर्किटेक्टच्या किंवा इंटिरियरवाल्यांच्या ओळखीतून येतं. एखादं हॉटेल, एखादं नवं घर, ‘इथे जुन्या सिनेमाचं काहीतरी लावायचंय’. पहिल्या भेटीत पोस्टरं दाखवू नका. जागा बघा, उजेड बघा, भिंतीला ओल आहे का बघा, आणि पैसे किती हे संकोच न करता विचारा. एका खानावळीच्या मालकांना स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर अस्सल पोस्टरं हवी होती. तिथे वाफ, तेल, उष्णता. मी नाही म्हटलं. परवानगी घेऊन केलेल्या प्रती लावा आणि एकच अस्सल पोस्टर गल्ल्यामागच्या सावलीत लावा, असं सुचवलं. माझी फी घटली, पण ते गृहस्थ आजही काही घ्यायच्या आधी फोन करतात.

काम सुरू करायच्या आधी दोन पानांचा करार करा. तुम्ही काय करणार, फी किती, कधी, प्रवासखर्च कुणाचा, पसंत न पडल्यास काय. फी ठरावीक रक्कम असते, किंवा खरेदीच्या किमतीवर टक्केवारी. टक्केवारीत एक अडचण आहे: वस्तू महाग पडली तर तुमचा फायदा होतो. म्हणून लहान कामाला मी ठोक रक्कमच घेते. मोठ्या कामाला टक्के घेतले, तरी वरची मर्यादा करारात लिहिते. बिल विक्रेत्यानं थेट गिऱ्हाइकाच्या नावानं करावं, पैसे तुमच्या खात्यातून फिरवू नका. विक्रेत्याकडून गुपचूप काहीही घेऊ नका, दिवाळीची पेटीसुद्धा नाही.

आता तो घोळ. तुम्ही संग्राहकही आहात. गिऱ्हाइकाला हवं असलेलं पोस्टर तुमच्याच खणात आहे. काय करायचं? माझे नियम असे. सल्ल्याच्या कामात स्वतःच्या संग्रहातलं विकायचं नाही. गिऱ्हाइकानंच आग्रह धरला, तर मालकी लेखी सांगायची, किंमत तिसऱ्या माणसाकडून ठरवून घ्यायची आणि त्या वस्तूवर फी घ्यायची नाही. गिऱ्हाईक ज्या लिलावात बोली लावतंय, तिथे त्याच वस्तूवर आपण बोली लावायची नाही. आणि सर्वांत अवघड: गिऱ्हाइकासाठी शोधताना स्वतःला हवंहवंसं पोस्टर सापडलं, तर पहिला हक्क गिऱ्हाइकाचा. मी एकदा वीस वर्षं शोधत असलेलं शो कार्ड असं दुसऱ्याच्या भिंतीवर लावून आले आहे. दर दिवाळीला ते बघायला जाते.

कायदा आणि कर

१९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेष ठरतात. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यमूल्य असलेल्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना तर ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाहीत. न्यू जर्सीतला भाचा किंवा लंडनमधलं मराठी कुटुंब ‘प्रभातचं एखादं पोस्टर पाठव’ म्हणतं, तेव्हा हे आठवा. प्रभात कंपनी १९२९ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ला पुण्यात आली. तिचा बहुतेक कागद आता पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. दाखला नसेल तर कुरियरवाला काहीही म्हणो, पाठवू नका.

पोस्टर तुमचं असलं तरी त्यावरच्या चित्राचा हक्क तुमचा नसतो. कॉफीचे मग, टी-शर्ट, दिनदर्शिका किंवा प्रती छापायच्या तर निर्मात्याची किंवा चित्रकाराच्या वारसांची परवानगी लागते. चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारता येत नाही. वर्षाची फी वीस लाखांपुढे गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते. कलावस्तू विकून झालेला नफा ‘घरगुती सामान’ म्हणून करातून सुटत नाही, म्हणून खरेदीच्या पावत्या जपा. बाकीचं सीएला विचारा, आणि पहिल्याच वर्षी विचारा.

परदेशी पोस्टरं

थोडक्यात सांगते. अमेरिकेचं जुनं ‘वन शीट’ २७ × ४१ इंचांचं, इंग्लंडचं ‘क्वॉड’ ३० × ४० पण आडवं. ‘ड्रॅक्युला’चं १९३१चं पोस्टर २०१७मध्ये टेक्ससच्या लिलावगृहात ५,२५,८०० डॉलरना गेलं. असे आकडे दाखवून कुणी तुम्हाला मुंबईतलं काही विकत असेल, तर ऐकू नका, त्या बाजाराचा आणि आपल्या बाजाराचा संबंध फार थोडा आहे. आपल्या माणसाला खरी गोडी वाटावी अशी परदेशी पोस्टरं म्हणजे आपल्याच सिनेमांची तिकडे छापलेली. १९५४मध्ये ‘आवारा’ सोव्हिएत रशियात लागला, त्यासाठी तिथल्या चित्रकारांनी राज कपूर त्यांच्या नजरेनं रंगवला. असली पोस्टरं पूर्व युरोपातल्या विक्रेत्यांकडे अधूनमधून निघतात. घेताना आयात शुल्क आधी विचारून घ्या.

शेवटचा रकाना

माझ्या वहीत एक रकाना मी उशिरा वाढवला: ‘पुढे कुणाकडे’. गिऱ्हाइकाचं वय झालं की सल्लागारानंच हा विषय काढायचा असतो, मुलं काढत नाहीत. काही पोस्टरं घरात राहतील, काही विकली जातील, आणि ज्यांचा धागा पूर्ण आहे असा गठ्ठा अखंड संग्रहालयाला द्यावा का, यावर बसून बोला. संग्रहालयाशी आधी पत्रव्यवहार करा, ते सगळंच घेत नाहीत. मृत्युपत्रात ‘माझी पोस्टरं’ एवढंच न लिहिता वहीतले क्रमांक लिहायला लावा आणि वहीची एक प्रत वकिलाकडे ठेवा.